खडूची रेघ

आधीच माफी मागते. माझी शाळा चौथीपर्यंतच झाली. ऱ्हस्व कुठे, दीर्घ कुठे, ते मला अजून नीट कळत नाही आणि अक्षर तर विचारूच नका. आमच्या लॅबमधले एक पीएचडीवाले दादा म्हणायचे, "मावशी, तुमचं अक्षर म्हणजे मुंग्या शाईत पडल्या आणि तशाच उठून घरी गेल्या." मी हसायचे. नंतर मुंग्यांवरून हसू येईनासं झालं, ते पुढे लिहिते.

ही वही लॅबमधली आहे. जाड पुठ्ठ्याची, पानांवर नंबर छापलेले. जिने मला दिली तिने नियम सांगितला की हिचं पान फाडायचं नाही आणि चुकलं तर खोडायचं नाही. चुकीवर एकच आडवी रेघ मारायची, खालचं वाचता आलं पाहिजे, आणि बाजूला सही करायची. म्हणून इथे जागोजागी रेघा दिसतील. कोणी वाचणार नाही, तरी सांगून ठेवलं.

मी ठाण्याला एका संशोधन संस्थेत कामाला आहे. राहायला कोपरीला. तिथे मी माश्यांचा स्वयंपाक करते. हे सांगितलं की लोक हसतात. पहिल्या दिवशी मलाही वाटलं होतं की लॅबचे सर थट्टा करतायत. पण पिकलेल्या केळ्यावर घोंगावतात ना, चिलटाएवढ्या फळमाश्या, त्या तिथे बाटल्यांत पाळतात आणि त्यांना जेवायला लागतं. मक्याचं पीठ, साखर, यीस्ट आणि घट्ट व्हायला चायना ग्राससारखी एक पावडर. पिठल्यासारखं ढवळत राहायचं, गुठळी होऊ द्यायची नाही. जरा निवलं की मोजून आम्ल घालायचं, बुरशी धरू नये म्हणून. मग बाटल्यांत ओतायचं आणि तोंडाला कापसाचा बोळा लावायचा. बोळे मीच वळते. वाती वळायची सवय होती, ती तिथे उपयोगी पडली.

मला बोलायला जमत नाही. चार माणसं असली की माझा आवाज घशातच राहतो. माश्यांचं काम म्हणून मला बरं पडलं. त्या काही विचारत नाहीत.

वही देणारी ही मुलगी लॅबमध्ये आली तेव्हा चोवीस-पंचविशीची असेल. गाव खेडकडचं, वडील एसटीत ड्रायव्हर. राहायची डोंबिवलीला, तीन मुलींबरोबर एका खोलीत. मी सगळ्यांना सर-मॅडम म्हणायचे. ती म्हणाली, "मावशी, मला मॅडम म्हणू नका हो, मॅडम म्हटलं की मला वाटतं मागे कोणी उभं आहे." मग तिला काय म्हणावं ते कळेना, म्हणून मी तिला काहीच म्हणत नव्हते. समोर गेले की बोलायचे, नाहीतर नाही.

एकदा मी धीर करून विचारलं, एवढ्याशा माशीचं एवढं काय बघतात. तिने हातातलं काम ठेवलं आणि स्टूल ओढून बसली. म्हणाली, माशीला मेंदू असतो, खसखशीच्या दाण्याएवढा. त्यात लाखाच्या वर पेशी आणि एकीपासून दुसरीकडे जाणाऱ्या तारा. परदेशातल्या लोकांनी एका माशीच्या मेंदूचे पातळ पातळ काप केले, प्रत्येक कापाचे फोटो काढले आणि तारांचा नकाशा तयार केला. कॉम्प्युटर तारा जोडतो, पण चुकतोही. दोन वेगळ्या तारा शेजारून गेल्या की त्याला त्या एकच वाटतात. मग माणसं बसून एकेक तार तपासतात.

"मीपण दोन वर्षं तेच केलं," ती म्हणाली. "डोळ्याला चष्मा लागला तो त्यानेच."

"मग नकाशा झाला ना? आता काय राहिलं?"

"मावशी, नकाशात कोपरीचा पूल दिसतो की नाही? पण त्यावरून कोण कुठे चाललंय ते दिसतं का? ते कधी कळतं माहितीये? पूल बंद केला की. मग कळतं कोणाकोणाचं अडलं. मी माशीच्या डोक्यातला एक पूल बंद करणार आहे. आंबलेल्या केळ्याच्या वासाचा रस्ता त्यावरून जातो असं नकाशा म्हणतो. बघायचं, खरंच जातो का."

हे मी घरी नवऱ्याला सांगितलं. तो रिक्षा चालवतो. म्हणाला, "कोपरीचा पूल बंद केल्यावर काय होतं ते मला विचार म्हणावं. माशीला कशाला त्रास देते?"

पूल बंद करायला तिला खास माश्या लागत होत्या. मेंदूतल्या नेमक्या दोनच पेशी ज्यांच्यात हिरव्या चमकतात आणि पाहिजे तेव्हा बंद करता येतात, अशा. त्या विकत मिळत नाहीत. तीन वेगवेगळ्या जातींचे नर-माद्या जुळवत, पिढ्यांमागून पिढ्या निवडत तयार कराव्या लागतात. त्याला नराजवळ न गेलेली मादी लागते, म्हणून कोशातून बाहेर आल्या आल्या माद्या वेगळ्या काढतात. लॅबमध्ये सगळे सरळ मोठ्याने म्हणायचे, "व्हर्जिन गोळा करायला चाललो." मला पहिले कितीतरी दिवस लाजेने मान वर करता येत नव्हती. मी त्यांना कुवार माश्या म्हणायचे. पुढे सगळी लॅबच म्हणायला लागली, "कुवार झाल्या का गोळा?" सरसुद्धा.

आठ महिने खपून तिने ती जात तयार केली. ज्या दिवशी जमलं त्या दिवशी तिने सगळ्यांना वडापाव दिला आणि मला दोन दिले.

आता खडूचं लिहिते.

ऑक्टोबरचा महिना होता. माझ्या स्वयंपाकाच्या खोलीत साखर सांडते, त्यामुळे मुंग्या येतात. मुंग्या बाटलीत शिरल्या की माश्यांची पिल्लं ओढून नेतात. टेबलाचे पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवलेले असतात, पण उकाड्याने वाट्या कोरड्या पडायच्या. एका शुक्रवारी सकाळी बघते तर मुंग्यांची रांग तिच्या बाटल्यांच्या ट्रेच्या दिशेने चाललेली. मला राहवलं नाही. येताना स्टेशनच्या पुलाखाली बसतो त्या फेरीवाल्याकडून मी घरासाठी मुंग्यांचा खडू घेतला होता, तो पिशवीत होता. काढला आणि टेबलाच्या चारी पायांना रेघ मारली. वर ट्रेभोवतीपण मारली. मुंग्या मागे फिरल्या. मला इतकं बरं वाटलं की मी कोणाला सांगितलंही नाही. न सांगता कोणाचं काम केलं की मला आवडतं. मग हात झटकले आणि बोळे वळायला बसले.

हात धुतले नाहीत. फक्त झटकले.

त्याच दिवशी तिच्या जुन्या बाटल्यांत बारीक किडा दिसला होता. किडा दिसला की जुन्या बाटल्या ठेवत नाहीत. म्हणून तिने आपल्या माश्यांचे दोन्ही संच, एक नेहमीचा आणि एक जपून ठेवलेला, माझ्या ताज्या बाटल्यांत घातले, माझे बोळे लावले आणि ट्रे जागेवर ठेवला. जुन्या बाटल्या संध्याकाळी मीच उकळून धुतल्या.

सोमवारी मी पोचले तेव्हा ती ट्रेसमोर उभी होती. बाटल्यांच्या तळाला माश्या पडलेल्या, पाय वर केलेल्या. सगळ्या. ती एकेक बाटली उचलायची, बोटाने टिचकी मारायची, परत ठेवायची. सर आले, त्यांनी बघितलं. मला विचारलं, "मावशी, आम्ल नेहमीएवढंच घातलं होतं ना?"

"हो," मी म्हणाले. ते खरंच होतं.

"शेजारच्या ट्रेतल्या माश्या जिवंत आहेत, त्याच अन्नावर," सर तिला म्हणाले. "मग तुझी जातच नाजूक असेल. दोन्ही संच एकाच दिवशी हलवायची घाई कोणी सांगितली होती?"

मलाही तोपर्यंत काही माहीत नव्हतं. दुपारी डबा खायला बसले तेव्हा पिशवीतून खडूचं खोकं वर आलं. त्यावर मुंगीचं मोठं चित्र. मी ते चित्र बघूनच घेतलं होतं. खाली बारीक हिंदी अक्षरं होती. मी वाचू शकते, पण वाचायची सवय नाही. त्या दिवशी बोट ठेवून वाचलं. चींटी. तिलचट्टा. मक्खी.

मी डबा बंद केला. ओलं फडकं घेऊन टेबलाचे पाय पुसले, ट्रे पुसला, उरलेले बोळे फेकून दिले. शेजारच्या ट्रेचे बोळे खडूच्या आदल्या दिवसाचे होते. तेही मला तेव्हा कळलं.

आणि मी सांगितलं नाही. नोकरी जाईल ही भीती होतीच. पण त्याहून खरं हे की सांगायला तोंड उघडेना. रोज ठरवायचे, आज सांगते. ती समोर आली की "चहा ठेवू का?" एवढंच बाहेर पडायचं.

तिची पाच वर्षांची शिष्यवृत्ती मार्चमध्ये संपत होती. माश्या नव्याने तयार करायच्या म्हणजे पुन्हा आठ महिने, तेही बिनपगारी. सरांनी मुदत वाढवून मागितली, पण वरून उत्तर येईना. एप्रिलमध्ये एकदा मी बाटल्या धूत होते आणि ती दाराबाहेर फोनवर वडिलांशी बोलत होती.

"बाबा, लग्नाचं बोलू नका आत्ता... नाही, फुकट नाही गेली पाच वर्षं... हो, ऐरोलीच्या कंपनीत अर्ज केलाय. लागली तर जाईन... बाबा, खोलीचं भाडं तरी कुठून देऊ सांगा ना!"

नंतर ती आत आली आणि तोंड धुतलं. मला म्हणाली, "मावशी, कांदा चिरत होते." आमच्याकडे कांदा नसतो.

त्याच महिन्यात मला भिशी लागली. चाळीस हजार. मी त्यातून स्वयंपाकाचा ओटा करून घेणार होते. तीन वर्षं नवऱ्याला तेच ऐकवत होते. त्या दिवशी मी त्याला सगळं सांगितलं, खडूपासून. जगात मी फक्त त्यालाच सांगितलं होतं.  तो म्हणाला, "पैसे दे. पण सांगूनपण टाक. नुसते पैसे दिलेस तर ते तोंड दाबल्यासारखं होईल. तुझंच."

मी अर्धंच ऐकलं. दुसऱ्या दिवशी पैसे कॅरीबॅगमध्ये गुंडाळून तिच्यापुढे ठेवले.

"हे काय?"

"ऐरोलीला जाऊ नको. परत कर माश्या." मी पहिल्यांदाच तिला अगंतुगं केलं होतं. घाबरून झालं असेल.

"मावशी, वेड लागलं का तुम्हाला? हे मी नाही घेऊ शकत."

"व्याज नको मला."

ती रडायला लागली आणि मला मेल्याहून मेल्यासारखं झालं, कारण ती मला देवमाणूस वगैरे म्हणायला लागली. शेवटी तिने कपाटातून एक कोरी वही काढली, अगदी शेवटच्या पानावर तारीख घातली, चाळीस हजार लिहिले आणि सही केली. "हे कर्ज आहे. मी फेडणार," म्हणाली.

मग पुन्हा आठ महिने. स्वयंपाक आटपला की मी तिच्याबरोबर बसायचे. नुकत्याच बाहेर आलेल्या मादीच्या पोटात एक काळसर ठिपका दिसतो, तोच तिच्या कुवारपणाचा पुरावा. ती भिंगातून बघायची. मला भिंग लागत नव्हतं. तांदळातले खडे निवडायची नजर होती. मी कुंचल्याने एकेक बाजूला सारायचे. ते पीएचडीवाले दादा म्हणाले, "ए, मावशींना पीएचडी द्या रे, आपण स्वयंपाक करू!" ती म्हणाली, "तू केलेलं माश्याही खाणार नाहीत."

या वेळी टेबलाच्या पायाखालच्या वाट्या मी दिवसातून चार वेळा भरत होते. हात इतके धुवायचे की बोटं फाटली. ती म्हणायची, "मावशी, पुरे की." मी पुरे करत नव्हते.

डिसेंबरमध्ये एका दुपारी तिने मला हाक मारली, खोलीतला दिवा मालवला आणि सूक्ष्मदर्शकाला डोळा लावायला सांगितलं. सगळीकडे काळोख आणि त्यात दोनच हिरवे ठिपके, एक इकडे, एक तिकडे. प्रत्येकाला एक बारीक शेपूट आणि पुढे तिला फांद्या फुटलेल्या, बडीशेपेच्या रोपासारख्या. मी बघतच राहिले. "हाच आपला पूल," ती म्हणाली. आपला म्हणाली.

पुढचं तिचं काम भराभर झालं. पूल बंद केला की माश्या केळ्याच्या वासाकडे जाईनात, पण व्हिनेगरकडे जात. म्हणजे त्याला दुसरा रस्ता होता, आणि तो नकाशात कोणाच्या लक्षात आला नव्हता. मुदतवाढही मंजूर होऊन मागचे पैसे एकदम आले. आले त्या दिवशीच तिने मला वीस हजार दिले. पुढे दोन-दोन, तीन-तीन करत देत राहिली. प्रत्येक वेळी वहीत मांडायची. मी घ्यायचे आणि ते पैसे मला घरात ठेवायला नको वाटायचे. ओटा अजून केला नव्हता. नवरा फक्त विचारायचा, "सांगितलंस?" मी भांडी घासायला उठायचे.

यंदा तिला परदेशात जागा मिळाली, जिथे असे नकाशे काढतात तिथेच. जायच्या आठवड्यात, एका रविवारी सकाळी, ती कोपरीला आमच्या घरी आली. हातात पेढे, एक पाकीट आणि ती वही. नवऱ्याने चहा ठेवला. ती त्याला म्हणाली, "काका, तुमचा पूल दोन्ही बाजूंनी तुंबलाय आज."

"माझा कसला! तूच एक दिवस बंद करून टाक, माशीचा केलास तसा."

आम्ही हसलो. मग ती पेढ्याचा तुकडा मोडता मोडता म्हणाली, "सगळं झालं बघा मावशी. आमचा पेपर उद्या छापायला जाईल. एकच सल राहिली. त्या पहिल्या माश्या का मेल्या ते कळलंच नाही. म्हणून पेपरात लिहावं लागलं की ही जात नाजूक आहे, कारण न कळता एकदम मरते. सर म्हणाले, लिहिलंच पाहिजे, लपवायचं नाही. आता ते वाचून पुढे कोणी या माश्या घेणार नाही, असं वाटतं."

नवऱ्याने माझ्याकडे बघितलं आणि चहाचं भांडं घेऊन तो आतल्या बाजूला गेला.

मी म्हणाले, "नाजूक नव्हत्या."

"काय?"

"तुझ्या माश्या नाजूक नव्हत्या. मी मारल्या." मग सगळं सांगितलं, मुंग्यांची रांग, खडू, बोळे, फडकं. जमिनीकडे बघून सांगितलं. मध्ये थांबले असते तर पुन्हा सुरू करता आलं नसतं.

 ती म्हणाली, "आठ महिने, मावशी." तिचा आवाज मी असा कधी ऐकला नव्हता. "सर मला घाईची म्हणाले. मला वाटलं, माझंच काहीतरी..." पेढ्याचा तुकडा तिने परत खोक्यात ठेवला.

खाली कोणी सायकलची घंटी वाजवत होतं.

मग ती एकदम म्हणाली, "खडूची रेघ मारल्यावर बोळे वळले? त्याच हाताने?"

"हो."

"शेजारच्या ट्रेला ते बोळे नव्हते?"

"ते गुरुवारचे होते."

"गुरुवारचे." तिने डोळे मिटले. "बरोबर. म्हणून ते वाचले. सगळं बसतंय." तिचा चेहरा तसाच दुखावलेला होता, पण त्यावर आता दुसरंही काही आलं होतं. नकाशात तार सापडली की यायचं तसं. तिने फोन काढला आणि तिथेच, माझ्यासमोर, सरांना लावला. "सर, पेपर थांबवा. ते नाजूकचं वाक्य काढायचंय. कारण कळलं... हो, नक्की. ज्यांच्या हातून झालं त्यांनी स्वतः सांगितलं... उद्या भेटल्यावर सांगते."

फोन ठेवून म्हणाली, "सरांना तुम्हीच सांगा. मी येते बरोबर."

"येईन," मी म्हणाले. आणि पाकीट तिच्याकडे सरकवलं. "हे मात्र नको. मागचेपण परत देते. ते मी यासाठीच दिले होते."

"ते मला माहीत नव्हतं ना," ती म्हणाली. "मी कर्ज म्हणून घेतले होते, कर्ज म्हणूनच देणार. माश्यांचं वेगळं. त्याचा मला अजून राग आहे, आणि तो राहील थोडे दिवस. पण परत केल्या तेव्हा तुम्ही रोज बसलात, तेही मला माहितीये." पाकीट तिने माझ्या मांडीवर ठेवलं. "मोजा."

"कशाला मोजायचे?"

"मोजा, मावशी."

मी मोजले. पाचशेच्या बारा नोटा. चुकू नये म्हणून दोनदा मोजल्या. तिने वहीचं शेवटचं पान उघडलं. वरपासून खालपर्यंत तिने मांडलेले आकडे होते. सगळ्यात खाली बाकी सहा हजार लिहिलेलं. तिने त्यावर एक आडवी रेघ मारली, शेजारी शून्य लिहिलं आणि पेन माझ्या हातात दिलं. मी सही केली. अक्षर मुंग्यांसारखंच आलं. मग ती म्हणाली, बाकी पानं कोरी आहेत, वही तुम्हीच ठेवा.

सोमवारी सरांना सांगितलं. ते रागावले. नोकरी राहिली. स्वयंपाकाच्या खोलीत आता एक पाटी आहे, कुठलाही खडू, फवारा आत आणायचा नाही. ती पाटी सरांनी मलाच लिहायला लावली.

ओट्याचं काम मागच्या आठवड्यात सुरू झालं. चाळीस हजार पूर्ण आले. हिशेब शेवटच्या पानावर आहे.